शिशातील रुपे आणि घटीचा हिशेब
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला होता. विषय होता ‘खामगावची चांदी’. विषय उत्तम खरा. परंतु खामगावच्या चांदीची थोरवी खामगावकरांपुढे गाणे म्हणजे लोणारकरांस सरोवराची माहिती सांगण्यासारखे आहे. या गावास लोक रजतनगरी म्हणतात आणि येथल्या चांदीच्या शुद्धतेचा लौकिक जिल्ह्याबाहेर दूरवर गेला आहे. त्यात भर घालावी असे आमच्याजवळ काही नाही. म्हणून मंडळाच्या परवानगीने आम्ही विषय थोडा मागे नेला आहे. चांदी शुद्ध होते कशी, आणि ती शुद्ध होताना जे वजन कमी भरते ते कोणाच्या नावे टाकावयाचे, एवढेच आज आम्हांस बोलावयाचे आहे. जन्मभर मास्तरकी केली, तेव्हा मध्ये मध्ये थोडे गणित येईल. ते आपण सोसावे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चांदीची खाण नाही, आणि ती निघण्याचा संभवही नाही. आपल्या पायाखाली ज्वालामुखीच्या रसाचा काळा पाषाण पसरला आहे. त्यातून कपाशीची काळी माती झाली, आणि चांदी आली ती त्या कपाशीच्या पैशातून. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची रेल्वे व कापसाचा बाजार सुरू झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. कापूस विकला की शेतकरी तोडे, वाळे, गोट, करदोडे करावयास टाकी, आणि पाऊस दगा देई त्या वर्षी तेच दागिने मोडीस आणी. मोडीचा माल हा आपल्या धंद्यातील खरा परीक्षक होय. त्यात तांबे किती, डाक किती, मागच्या सोनाराने कोणता उद्योग करून ठेवला आहे, हे सर्व मुशीत उतरते. मोड आटवून त्यातून चोख चांदी काढण्याची विद्या ज्याच्याजवळ, त्याचीच पेठ चालते.

ही विद्या जुन्या काळी एका मऊ आणि काळ्या धातूच्या आधारे चाले. तो धातू शिसे. अकबर बादशहाच्या कारकीर्दीत अबुल फजल याने ‘आइन-इ-अकबरी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात टाकसाळीतील चांदी शुद्ध करण्याची रीत तपशीलवार दिली आहे. जमिनीत खड्डा करावयाचा, त्यात थोडे शेण शिंपडून बाभळीच्या लाकडाची राख भरावयाची, ती भिजवून थाळीसारखा आकार द्यावयाचा, त्यावर हिणकस चांदी आणि तिच्या प्रमाणात शिसे ठेवावयाचे. शिसे एकदम घालावयाचे नाही. चौथा हिस्सा घालून कोळसे रचून भात्याने फुंकावयाचे, आणि असे चार वेळा करावयाचे. बाभळीची राख म्हटल्यावर आम्हां वऱ्हाडकरांस घरच्यासारखे वाटते. याच ग्रंथात आपल्या लोणारचाही उल्लेख आहे. तेथे काच व साबण करण्याचे द्रव्य मिळते आणि त्यापासून सरकारास उत्पन्न येते, असे म्हटले आहे. असो.

आता यात घडते काय? तापलेल्या शिशावर वारा लागला की शिशाचे भस्म होते. त्यासच आपण मुरदाडशिंग म्हणतो. हे भस्म वितळून पातळ होते, तांबे इत्यादी हिणास आपल्यात ओढून घेते आणि राखेत मुरते. चांदीला वाऱ्याची बाधा नाही; ती राखेत मुरत नाही, वर राहते. शेवटचा शिशाचा पापुद्रा निघून गेला की चांदी क्षणभर विजेसारखी चमकते. अबुल फजलने ही चमक नोंदली आहे, आणि पाणी शिंपडल्यावर रानबकऱ्याच्या शिंगांसारख्या ज्वाळा निघतात असेही लिहिले आहे. आजचे शास्त्र सांगते की वितळलेली चांदी हवेतील प्राणवायू पोटात घेते आणि थिजताना तो एकदम बाहेर टाकते. म्हणून ती उसळते. ज्यांनी चोख चांदी थिजताना पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको.

म्हणजे चांदी काढण्यास शिसे हवे. आता चमत्कार पहा : शिशाचे जे खनिज असते त्यातच बहुधा थोडी चांदीही असते. आजही आपल्या देशात खाणीतून निघणारी बहुतेक सर्व चांदी राजस्थानातील शिसे व जस्त यांच्या खनिजातूनच निघते, आणि तेथील जावरच्या खाणी शेकडो वर्षांच्या जुन्या आहेत. तथापि सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळसे शिसे विलायतेहून येई. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सुरतेस आणि मुंबईस जो माल उतरवीत, त्यात बनातीच्या जोडीने शिसे हा नेहमीचा जिन्नस होता. हे शिसे ज्या मुलखांतून निघे त्यांपैकी एकाचा कारभार आम्ही गेल्या वर्षभरात वाचून काढला, आणि तो वाचताना आम्हांस पदोपदी आपली सराफ पेठ आठवली. म्हणून आपणांस थोडा वेळ तिकडे नेतो.

इंग्लंडच्या उत्तरेस पेनाइन नावाची उघडी, वाऱ्याची, गवताळ डोंगररांग आहे. कंबरलँड, नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम हे तीन परगणे जेथे मिळतात तेथे ऑल्स्टन मूर, ॲलनडेल, वेअरडेल अशी खोरी आहेत. धान्य बेताचे पिके, थंडी कडाक्याची; परंतु डोंगराच्या पोटात शिशाच्या शिरा होत्या. ऑल्स्टन मूरची जमीन एका सरदाराची होती. १७१५ च्या बंडात तो राजाविरुद्ध उठला, १७१६ साली त्याचा शिरच्छेद झाला, जमीन जप्त झाली, आणि पुढे १७३५ साली ती ग्रिनिच येथील म्हाताऱ्या खलाशांच्या धर्मादाय संस्थेस मिळाली. म्हणजे जमीनदार झाला धर्मादाय. खाणी खोदण्याचा मक्ता मुख्यतः लंडन लेड कंपनीकडे. ही कंपनी १६९२ च्या सनदेने निघाली आणि १९०५ पर्यंत चालली. तिचे चालक बहुतेक क्वेकर पंथाचे, साधे राहणारे, हिशेबास कडक. शेजारच्या खोऱ्यांत ब्लॅकेट घराण्याचा आणि पुढे बोमंट घराण्याचा कारभार. राणी ॲन व पहिला जॉर्ज यांच्या काळच्या काही चांदीच्या नाण्यांवर गुलाब आणि पिसांचे तुरे उमटविलेले आढळतात; ती खूण या कंपनीने टाकसाळीस दिलेल्या चांदीची होय.

लंडनला बसलेल्या मालकास तीनशे मैलांवरच्या डोंगरात, जमिनीखाली, अंधारात काय चालले आहे हे कसे कळावे? त्यांनी तोडगा काढला तो असा. मजूर रोजावर ठेवावयाचे नाहीत. चार-सहा खाणकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनीच्या कारभाऱ्याशी तीन महिन्यांचा सौदा करावयाचा : अमुक जागा आम्ही खोदू, निवडून धुतलेल्या खनिजाच्या दर बिंगास अमुक भाव द्यावा. बिंग हे त्यांचे माप, ८ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ४०६ किलो. जुन्या हिशेबाने अकरा मणांच्या जवळपास. शीर भरपूर लागली तर भाव कमी, शीर बारीक तर भाव जास्त. नुसता दगड फोडावयाचा असेल तर सहा फुटांच्या मापाने वेगळी मजुरी. धर्मादाय संस्थेचा हिस्सा म्हणून सामान्यतः पाचवे बिंग बाजूला पडे. आपल्याकडच्या बटाईची रीत ती हीच.

ऐकावयास हा सौदा न्यायाचा वाटतो, आणि काही अंशी तो होताही. खाणकरी स्वतःच्या अकलेने काम करी, जवळ लहानसे शेत व एखादी गाय ठेवी, कोणाचे ओरडणे ऐकून घेत नसे. परंतु हिशेब वर्षातून एकदा होई. तोवर घर चालावे म्हणून कंपनी दरमहा थोडी उचल देई. वर्षअखेरीस खनिज मोजून किंमत काढावयाची, तीतून उचल वजा करावयाची, मेणबत्त्या, बंदुकीची दारू, हत्यारे यांचे पैसे वजा करावयाचे, उरले तर हाती. शीर आटली तर उरत नसे, आणि उचल पुढच्या वर्षी ओढली जाई. उचल हा शब्द आम्ही उच्चारला तेव्हा सभागृहाच्या उजव्या बाजूस काही मंडळी हसली. तेथे आपली कारागीर मंडळी बसली आहेत, हे आम्ही जाणतो.

खनिज वर आले की ते फोडून पाण्यात धुवावयाचे काम. शिशाचे खनिज दगडापेक्षा पुष्कळ जड, म्हणून वाहत्या पाण्यात दगड निघून जाई आणि खनिज तळी राही. हे काम बहुतेक मुलांचे. दहा-बारा वर्षांची मुले उघड्यावर, बर्फासारख्या पाण्यात हात घालून उभी राहत. या प्रकरणावर आम्ही अधिक बोलत नाही. शिक्षकाच्या तोंडून ते लांबत जाईल.

धुतलेले खनिज लहान चणीच्या तट्टांवर लादून डोंगरवाटांनी भट्टीवर जाई. भट्टीस भाता पाणचक्कीचा. जळण म्हणून दलदलीत थरांनी साचलेला पीट आणि थोडा दगडी कोळसा. प्रत्येक ठिकाणी वजन : खाणीवर वजन, भट्टीवर वजन, शिसे ओतल्यावर वजन. शिवाय खनिजाचा चिमूटभर नमुना घेऊन पारखी त्याची चाशनी काढी, आणि इतक्या बिंगांतून इतके शिसे निघालेच पाहिजे असा अंदाज आधी लिहून ठेवी. भट्टीवाल्याने कमी शिसे दिले की विचारणा होई. धर्मादाय संस्थेने तर आपल्या वाट्याचे खनिज दुसऱ्याच्या भट्टीत देण्यापेक्षा लँगली येथे स्वतःची भट्टी घातली. जॉन स्मीटन हा दीपगृह बांधणारा नामांकित अभियंता १७६४ च्या अखेरीपासून १७७७ पर्यंत या जमिनीच्या दोघा कारभाऱ्यांपैकी एक होता. त्याच्या वेळी, १७७६ साली, डोंगराच्या पोटातून एक लांबच लांब बोगदा सुरू केला गेला. त्यात पाणी भरून नावा चालत. त्यातून शिशाचा लाभ मात्र खर्चाच्या मानाने थोडा झाला.

एवढे वजन करूनही एक घट राहिलीच. ती धुराड्यातून जाई. तापलेल्या शिशाची वाफ होते, ती धुराबरोबर वर जाते आणि पांढरी भुकटी होऊन आसपासच्या गवतावर बसते. ते गवत खाऊन गुरे मरत. त्या रोगास तेथील लोकांनी वेगळे नावच दिले होते. मालकांनी गुरांची भरपाई पुष्कळदा केली. परंतु धुरातून आपलेच शिसे उडून जात आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी उपाय केला. केंब्रिजला रसायनाचे अध्यापक असलेले आणि पुढे बिशप झालेले रिचर्ड वॉटसन यांनी सुचविले होते की धुराडे सरळ उभे न करता लांब आडवे न्यावे, म्हणजे वाफ थंड होऊन आतच बसेल. त्याप्रमाणे एकोणिसाव्या शतकात ॲलनडेलसारख्या ठिकाणी दगडी धुराडी डोंगरउतारावरून मैलोगणती वर नेली गेली; त्यांची टोके आजही तेथे उभी आहेत. भिंतीवर साचलेली भुकटी धुऊन, खरवडून पुन्हा आटवीत. खरवडण्यासाठी आत माणूस जाई. घट वाचली, आणि ती त्या माणसाच्या अंगात गेली, असे आम्ही म्हणतो. शिशाने पोटात मुरडा येतो, मनगटे लुळी पडतात, बुद्धी मंदावते. हे वैद्यांस त्या काळीही ठाऊक होते.

आता चांदीचे गणित. त्या डोंगरातील शिशात चांदी किती? एका टनात ८ ट्रॉय औंस असेल तरच ती काढणे परवडे. तोळ्यांत सांगावयाचे तर टनामागे सुमारे २१ तोळे, म्हणजे चार हजार भागांत एक भाग! लोखंडी कड्यात हाडांची राख आणि नेच्याची राख ठोकून बसवावयाची, त्यात शिसे वितळवावयाचे, भात्याच्या वाऱ्याने मुरदाडशिंग पुढे ढकलून काढीत राहावयाचे, वर नवे शिसे घालीत राहावयाचे. शेवटी चांदीची वडी उरे. अबुल फजलची बाभळीची राख आणि यांची हाडांची राख, युक्ती एकच. परंतु येथे प्रश्न असा की २१ तोळे चांदीसाठी टनभर शिशाचे भस्म करावयाचे, मग ते भस्म कोळशाबरोबर पुन्हा आटवून शिसे करावयाचे, आणि या दोन्ही खेपांस शिशाची घट सोसावयाची. आठ औंस चांदीचे त्या काळी दोन पौंडांच्या आसपास येत. जळण, मजुरी आणि शिशाची घट मिळून त्याच्या वर गेली तर चांदी शिशातच ठेवून शिसे तसेच विकणे शहाणपणाचे. म्हणून त्या काळी पुष्कळ शिसे पोटात चांदी घेऊन बाजारात गेले. सुरतेस उतरलेल्या शिशातही ती थोडीफार असलीच पाहिजे.

हे कोडे ज्याने सोडविले तो ऑल्स्टनचाच मुलगा. ह्यू ली पॅटिन्सन, जन्म १७९६. तो १८२५ पासून त्या धर्मादाय संस्थेचा पारखी होता. त्याने १८२९ साली पाहिले की वितळलेले शिसे हळूहळू थंड होऊ दिले तर आधी जे खडे बांधतात त्यांत चांदी कमी असते, आणि पातळ राहिलेल्या शिशात ती जास्त जमते. झाऱ्याने खडे काढीत जावयाचे आणि पातळ शिसे पुढच्या कढईत न्यावयाचे. असे कढईमागून कढई केले की थोड्याशा शिशात सगळी चांदी एकवटते. मग तेवढ्याच शिशाचे भस्म करावयाचे. १८३३ साली त्याने या रीतीचे पेटंट घेतले. त्यानंतर टनात ३ औंस, म्हणजे जेमतेम ८ तोळे चांदी असली तरी ती काढणे परवडू लागले. आमच्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत मोठा मनुष्य हा पारखी आहे. त्याने नवी खाण शोधली नाही. घट कोठे होते ते नेमके पाहिले.

लंडन लेड कंपनीचे श्रेय तिला दिले पाहिजे. धान्य महागले त्या वर्षांत तिने धान्य विकत आणून कामगारांस पुरविले. अठराव्या शतकाच्या मध्यास नेंटहेड हे गाव वसविले, आणि पुढे तेथे शाळा काढली. मुलांनी शाळेत जावे अशी तिने सक्तीच केली होती. तथापि खनिजाचा काटा आणि चाशनीची वही मात्र अखेरपर्यंत कंपनीच्या हाती राहिली. खाणकऱ्याने खोदावे, त्याच्या मुलाने धुवावे, आणि किती भरले ते कारभाऱ्याने सांगावे.

आता आपल्या पेठेत परत येऊ. आमच्या लहानपणी वडिलांच्या दुकानातला केर कधी फेकला जात नसे. बैठकीखालची धूळ, मुशीचे तुकडे, भट्टीची राख, हात धुतलेले पाणीसुद्धा एका मडक्यात साठे, आणि वर्षातून एकदा झारेकरी येऊन ते विकत नेई. तो ते धुऊन, शिशात आटवून त्यातून सोने-चांदी काढी. आइन-इ-अकबरीत टाकसाळीचा केर धुणाऱ्याचीही नोंद आहे. त्यांपैकी काहींचा धंदा फार भरभराटीचा असून ते दरमहा सरकारात रक्कम भरीत. केरावर जर एक माणूस श्रीमंत होतो, तर ती घट कोणाची होती? गिऱ्हाइकास मजुरीबरोबर घट लावलेली असते. व्यापारी कारागिराला चांदी देतो तेव्हा शेकडा अमुक घट मान्य असते. त्याहून जास्त आली तर कारागिराच्या मजुरीतून कापली जाते; कमी आली तर कोठे कारागिरास मिळते, कोठे मिळत नाही. आणि दुकानातील केर कोणाचा, यावर तर सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले आम्ही पाहिले आहे.

आमची सूचना साधी आहे. समाजाच्या कार्यालयात एक प्रमाणित काटा असावा आणि एक वही असावी. ज्या कारागिरास वाटेल त्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली चांदी, तिचा टंच आणि परत दिलेला माल व चुरा यांची नोंद तेथे करून घ्यावी. काम कोणते, जाळीचे की ओतीव की पत्र्याचे, हेही लिहावे; कारण घट कामावर अवलंबून असते, सर्वांस एकच टक्का लावणे हा अडाणीपणा आहे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की कोणत्या कामास किती घट खरी येते ते सर्वांस दिसेल. यात व्यापाऱ्याचे नुकसान नाही. प्रामाणिक व्यापाऱ्यास ती वही ढालीसारखी उपयोगी पडेल. मंडळाने पुढील वर्षी यावर ठराव आणावा अशी विनंती आहे.

दुसरी गोष्ट भगिनींस उद्देशून. आज शिशाऐवजी बहुतेक ठिकाणी शोऱ्याच्या तेजाबाने चांदी विरघळवून, तांब्याच्या पट्ट्या टाकून ती परत पाडतात. मोठ्या कारखान्यांत विजेने शुद्ध करतात. तेजाबाचा पिवळसर तांबडा धूर छातीस वाईट. पण अजूनही एखाद्या घरी शिशाचे काम मागल्या पडवीत चालते, आणि तेथेच मूल रांगत असते. लहान मुलाच्या अंगात शिसे गेले तर ते डोक्यास बाधते, आणि अमुक इतके शिसे निर्धोक असे प्रमाण वैद्यांस सापडलेले नाही. बाजारी सुरम्यातही पुष्कळदा शिशाचे खनिज असते. तो मुलांच्या डोळ्यांत घालू नये. भट्टी घराबाहेर असावी, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. हे काम पुरुषांच्या ध्यानात राहणार नाही, म्हणून आपणांस सांगितले.

शिसे धंद्यातून सर्वस्वी गेले असे मात्र समजू नये. सोन्यावर हॉलमार्क २०२१ पासून सक्तीचा झाला आहे, आणि हॉलमार्क केंद्रातील पारख जुन्याच रीतीची आहे. दागिन्याचा लहानसा नमुना तोलून, थोडी चांदी घालून शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात आणि राखेच्या वाटीत भट्टीत ठेवतात. शिसे हीण घेऊन वाटीत मुरते, वर मणी उरतो. त्यातील चांदी तेजाबाने काढली की राहते ते सोने. त्या भट्टीत शेजारच्या वाटीत दुसरा एक नमुना असतो, ज्याचे सोने आधीच पक्के तोललेले आहे. त्याचीही भट्टीत किंचित घटबढ होते. जितकी त्यात दिसेल तितकी गिऱ्हाइकाच्या नमुन्यात धरून मग कस लिहितात.